जिन्यातला बल्ब

बल्ब होल्डरमध्ये काही केल्या बसेना. जिन्याच्या मधल्या वळणावर, मिट्ट काळोखात, सून एका हाताने कठडा धरून उभी होती आणि दुसऱ्या हातातल्या बल्बने भिंतीवरच्या होल्डरची खाच चाचपत होती. पोटातलं बाळ ढुशा देत होतं. खाली सासऱ्यांच्या खोलीचं दार बंद होतं. ते उघडायच्या आत काम उरकायला हवं होतं. पण घाई झाली की हात हटकून दगा देतात, तसं तिचं झालं होतं.

सासऱ्यांची सगळी नोकरी घरोघरचे विजेचे मीटर वाचण्यात गेली. वाचून वाचून तेही मीटरसारखेच झाले होते. गुपचूप फिरत राहायचे आणि तोंड उघडलं की आकडाच बाहेर पडायचा. गेल्या वर्षभरात तर त्यांच्या बचतीने कळस गाठला. आधी टीव्ही गेला. मग पेपर बंद झाला. मग एकेका खोलीतले बल्ब निघाले आणि शेवटी जिन्यातलाही निघाला. स्वतःचं जेवण ते दिवसाउजेडी उरकून घ्यायचे. स्वयंपाकघरात सुनेसाठी तेवढा एक दिवा ठेवला होता, पण ती तिथून बाहेर पडली रे पडली, की ते आत जाऊन बल्बला हात लावून बघायचे. गरम लागला की झालंच. "किती वेळ जळत होता?"

महिना संपला की तिला मीटरसमोर उभं करायचे आणि आकडे मोठ्याने वाचायला लावायचे.

"तुझ्याच तोंडून ऐकू दे, किती उधळलंस ते."

ती शाळकरी पोरीसारखी वाचून दाखवायची. नवऱ्याकडे रडगाणं गाऊन उपयोग नव्हता. "बाबांना कोण सांगणार?" एवढं म्हणून तो डबा उचलायचा आणि दुसऱ्या पाळीला निघून जायचा. बापापुढे त्याची पार शेळी व्हायची. आणि तिचं तरी काय वेगळं होतं? लग्न होऊन आल्यापासून सासऱ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवायची तिची छाती झाली नव्हती. ते समोर आले की ती जमिनीकडे बघायची. सकाळी ऑफिसला पळायचं, संध्याकाळी अंधारात घरात शिरायचं. कुठल्या कोपऱ्यातून ते अचानक पुढे येतील याचा नेम नसायचा. काळोखात ते एखाद्या मांजरासारखे वावरत, कशाला म्हणून धडकत नसत. तिला मात्र रोज कुठे ना कुठे लागायचं.

मागच्या आठवड्यात या जिन्यावर तिचा पाय चुकला. कठडा हाताला लागला म्हणून निभावलं. पण त्यानंतर बाळ कितीतरी वेळ हललंच नाही. पोटावर हात ठेवून ती कानोसा घेत राहिली, देव आठवत राहिली. शेवटी ते हललं, तेव्हा ती ओक्साबोक्शी रडली. आणि त्याच वेळी तिने ठरवलं. ओरडू देत, घराबाहेर काढू देत, जिन्यात दिवा लागणार म्हणजे लागणार.

ठरवणं सोपं होतं. आता मात्र एक कान खालच्या दाराकडे लावून ती खाच शोधत होती.

एकदाचा बल्ब खाचेत शिरला. तिने तो फिरवला मात्र, आणि जिनाभर लख्ख उजेड पडला. बटण इतके महिने चालूच राहिलं होतं! तिने दचकून हात मागे घेतला, आणि तेवढ्यात खाली दाराची कडी वाजली.

पळावं तर पोटाचा भार. बल्ब काढावा तर हात उचलेना. बटण खाली, त्यांच्याच दाराशी. ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. सासरे कठड्यावर हात ठेवून वर येत होते, नेहमीसारखेच सावकाश, एकही पायरी न चुकता. बाबा, बाळासाठी लावलाय. बाबा, बिल माझ्या पगारातून भरते. मनात वाक्यं जुळत होती, पण एकही बाहेर पडेना.

ते तिच्या खालच्याच पायरीवर येऊन थांबले. त्यांचा पुढे आलेला हात तिच्या बाहीला लागला आणि चटका बसावा तसा मागे गेला.

"कोण आहे तिथं?"

तिला वाटलं, ही रागावण्याची नवीनच तऱ्हा दिसते. पण आवाज कापत होता. आयुष्यात पहिल्यांदा तिने मान वर करून त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. बल्ब त्यांच्या कपाळापासून हातभर अंतरावर जळत होता. चष्म्यामागचे डोळे सताड उघडे होते, पण पापणी लवत नव्हती. ते तिच्याकडे नाही, तिच्या खांद्याशेजारच्या कोऱ्या भिंतीकडे बघत होते.

"कोण आहे? बोलत का नाही?" त्यांनी कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला.

तिची भीती कुठे गेली ते तिलाच कळलं नाही. ती सगळी आता समोरच्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर होती. तिने एकदा बल्बकडे पाहिलं. तो तसाच राहू दिला. मग तिने त्यांचा हात हातात घेतला.

"मी आहे, बाबा," ती म्हणाली. "अंधारात तुम्ही मला दिसलाच नाहीत."