वरच्या खोलीतला भाडेकरू

"आज वार कोणता, आजोबा?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

म्हाताऱ्या शिंप्याने छताकडे पाहिलं, मग स्वतःच्या चपलांकडे. वार काही तिथे नव्हता. शंभरातून सात वजा करताना तर त्याची पार भंबेरी उडाली. उभी हयात टेप न लावता नुसत्या नजरेने छातीचं माप सांगणाऱ्या माणसाला कागदावर साधं घड्याळ काढता येईना.

शेजारच्या खुर्चीत बाइंडर बसला होता. जन्मभर पुस्तकांना पुठ्ठे चढवलेला, आता तोही म्हातारा. त्याचा जीव टांगणीला लागला होता.

"बरं, हे तुमच्याबरोबर कोण आलेत?"

"भाडेकरू," शिंपी खणखणीत आवाजात म्हणाला. "वरच्या खोलीत राहतो. बायको गावी असते त्याची."

बाईंनी नोंदीचा कागद पाहिला. तिथेही भाडेकरूच लिहिलं होतं. "अगदी बरोबर," त्या म्हणाल्या आणि सकाळपासूनची पहिली बरोबरची खूण केली.

त्या दोघांच्या घराला वरची खोलीच नव्हती, आणि बाइंडरला बायकोही नव्हती. एकेचाळीस वर्षं दोघं एकाच पलंगावर निजत आले होते. शिंप्याच्या सख्ख्या भावांनी लोखंडी गजाने त्याचं डोकं फोडलं, तेव्हा टाके निघायच्या आत दोघांनी हे उत्तर पाढ्यासारखं घोकून ठेवलं होतं. बाकी सगळं पुसलं गेलं, पाढा तेवढा राहिला. आता घरीही शिंपी त्याच्या हातून चहा घेताना विचारायचा, "तुम्ही वर कधी जाणार?"

"यांच्या डोक्याला कधी मार लागला होता? किंवा वर्षानुवर्षं कसली भीती, ताण? त्यानेही आठवण जाते, म्हणून विचारते."

"छे, छे." बाइंडरच्या तोंडून सवयीने निघून गेलं. मग त्याला स्वतःचीच चीड आली. भाऊ केव्हाच मरून गेले होते. आता भ्यायचं कुणाला? आणि आज बोललो नाही, तर आपण एकमेकांचे कोण होतो हे माहीत असलेलं माणूस जगात एकटा मीच उरेन.

"बाई," तो म्हणाला, "ते मघाचं उत्तर चुकलंय. मी भाडेकरू नाही. मी याचा..."

शिंप्याचा हात झटकन आला आणि त्याच्या तोंडावर घट्ट बसला. नजर दाराकडे होती.

"याचं मनावर घेऊ नका, बाई," शिंपी म्हणाला. "हल्ली याला काही आठवत नाही."