दह्याची वाटी

काचेपलीकडे मृणाल हिरवा गाऊन घालून बसली होती. अलीकडे तिची आई कमलताई दही-साखरेची वाटी घेऊन उभी होती.

"मावशी, वाटी आत नेता येणार नाही," नर्स म्हणाली. "परदेशी शिकायला जाणाऱ्यांची लस तिला टोचून झाली. शिक्षण संपेपर्यंत, सहा वर्षं, तिला इकडचं काही सोसणार नाही. घरचं दही नाही, तुमचा हातसुद्धा नाही."

"ते माहीत आहे. पण लस दुपारी होती ना?"

"गर्दी नको म्हणून मीच सकाळचा नंबर लावला," मृणालचे वडील खाली बघत म्हणाले. "फॉर्म भरायला जातोय, एवढंच मृणाललाही सांगितलं."

सकाळी मृणाल 'येते गं' म्हणाली, तेव्हा कमलताई भांडी घासत होत्या. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नव्हतं.

"आई, तुझं दही आंबटच असतं. सुटले एकदाची!" मृणाल आतून म्हणाली. पण तिने उजवा तळवा काचेला टेकवला.

कमलताईंनी चमचाभर दही त्या तळव्यासमोर काचेवर ठेवलं. ते हळूहळू ओघळू लागलं. मृणालचा तळवाही आतून त्याच्याबरोबर खाली उतरला. मग तो रिकामा तळवा तिने तोंडाशी नेला.