तिसऱ्यांदा निळा पडदा

विंडोजचं चिन्ह उमटलं, क्षणभर रेंगाळलं आणि पडदा निळा झाला. पांढऱ्या अक्षरांच्या ओळी चमकून गेल्या. संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होऊ लागला. सोमवारी हेच झालं होतं, काल हेच, आज बुधवारी हेच.

तीन दिवसांत तिसऱ्यांदा दुरुस्तीला आलेल्या मंजुषाने कीबोर्डवरची बोटं उचलून ओढणीला पुसली. कळा चिकट होत्या. गारखेड्यातल्या ह्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत सगळंच चिकट होतं. पाऊस हुकल्याचं हे दुसरं वर्ष. शहराबाहेर उठणाऱ्या प्रत्येक नव्या इमारतीने आठशे-आठशे फूट बोअर मारले होते, आणि तिथलं गढूळ, वास मारणारं पाणी बाटल्यांतून इथं येऊन पडलं होतं. तिला किळस आली होती. पाण्याची कमी, संगणकाशी खेळणाऱ्या माणसाची जास्त.

"सर, मशीन खराब नाय," ती म्हणाली. "हार्ड डिस्कशी बोलायच्या दोन पद्धती असतात, जुनी आणि नवी. तुमचं विंडोज जुन्या पद्धतीवर बसवलेलं आहे. आतल्या सेटिंगमधे कुणीतरी नवी पद्धत निवडून ठेवतंय. ते आपोआप बदलत नाय. सेटिंग धरून ठेवणारी आतली बॅटरीपण चांगली आहे."

मालक श्रीधर सरांनी मोबाइलमधून मान वर केली. "कोण करणार? इथे मी आणि कालिंदीबाई. त्यांना तर माउससुद्धा धड धरता येत नाही."

पन्नाशी ओलांडलेल्या कालिंदीबाई कोपऱ्यात परीक्षानळ्या विसळत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"कोणीबी असू द्या. आज पक्का इलाज करते."

मंजुषाने सेटिंग जुन्या पद्धतीवर आणलं. विंडोज मुकाट चालू झालं. मग तिने त्याच्या पोटात शिरून नव्या पद्धतीचा ड्रायव्हर जागा केला. आता कोणी कोणतीही पद्धत निवडो, संगणक कोसळणार नव्हता. खात्री म्हणून तिने दोन्ही पद्धतींनी तो चालू करून दाखवला.

"बस झालं. आता कोणाच्या बापाला हा बंद पाडता येणार नाय."

कालिंदीबाईंच्या हातातून एक नळी बेसिनमध्ये पडून फुटली.

श्रीधर सर घाईने खुर्चीत बसले. त्यांनी एक अहवाल उघडला. देवगाव रंगारीला जाणाऱ्या टँकरची विहीर. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'पिण्यास अयोग्य'. सरांनी कर्सर नेला, 'अ' खोडला आणि टँकरच्या ठेकेदाराला मोबाइल लावला.

"हां, साहेबराव. मशीन सुरू झालं एकदाचं. दुपारपासून टँकर पुन्हा सोडा, सर्टिफिकेट काढतोच." ते पलीकडचं ऐकून हसले. "अहो, तिथल्या लोकांना सवय असते." रेंज तुटू लागली तसे ते बोलत बोलत बाहेर जिन्याकडे गेले.

 मंजुषा त्या एका शब्दाकडे बघत राहिली.

कालिंदीबाई जवळ आल्या. त्यांच्या बोटातून रक्त येत होतं.

"त्या विहिरीच्या पाण्याने देवगावातली दोन मुलं आधीच सलाइनवर आहेत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल उद्या येणार. तो आला की विहीर बंद होईल. सर्टिफिकेट ह्याच मशीनवर निघतं, दुसरीकडे निघत नाही. मला फक्त उद्यापर्यंत थांबवायचं होतं, अहो."

"तुम्ही? तुम्हाला ते सेटिंग कसं ठाऊक?"

"दिवाळीत बॅटरी बदलायला आला होतात तेव्हा तुम्हीच दाखवलं होतंत. पुन्हा बंद पडला तर कुठे बघायचं म्हणून. मी कागदावर लिहून घेतलं होतं."

 पक्क्या इलाजाचा मंजुषाला मघाशी केवढा तोरा चढला होता. तिला स्वतःचीच शिसारी आली. बाहेरून सरांचं हसू ऐकू येत होतं.

तिने खुर्ची ओढली. अहवाल न जतन करता बंद केला. विंडोजच्या पोटात शिरून मघाशी जागा केलेला ड्रायव्हर निजवला. संगणक बंद करून पुन्हा चालू केला, आतल्या सेटिंगमध्ये जाऊन नवी पद्धत निवडली आणि त्या सेटिंगलाच पासवर्ड घातला.

सर आत आले तेव्हा पडदा निळा होता.

"हे काय?"

"बंद पाडलाय सर," मंजुषा स्क्रू ड्रायव्हर पिशवीत टाकत म्हणाली. "सरकारी अहवाल आला की येऊन चालू करून देते."

 सरांची नजर कोपऱ्याकडे वळली. तिथे परतलेल्या कालिंदीबाईंनी बोटाला रुमाल गुंडाळला होता. त्यांची मान खाली होती.

"अच्छा. म्हणजे सोमवारपासून हे तुमचं चाललंय, बाई. बारा वर्षं पगार घेताय माझा."

कालिंदीबाईंचे ओठ हलले. मंजुषा दोघांच्या मधे येऊन उभी राहिली.

"त्यांना माउस धरता येत नाय, तुम्हीच म्हणालात," ती म्हणाली. "आम्ही रिपेअरवाले असंच करतो सर, परत परत बोलावणं यावं म्हणून. तिन्ही वेळा मीच बिघडवला."