बाराव्या मजल्यावरची बादली

निनादने यीस्टची पुडी फाडली, तेव्हा देवकाबाईंचा भांडी घासणारा हात थांबला. घरी बिअर बनवायच्या, ऑनलाइन मागवलेल्या किटमधल्या बादलीत त्याने नुकतंच उकळलेलं माल्टचं पाणी ओतलं होतं.

"दादा, एवढ्या गरम पाण्यात टाकू नका. मरून जाईल ते," त्या म्हणाल्या.

त्याने माहितीपत्रक पुन्हा वाचलं आणि ओशाळून थर्मामीटर शोधला. "तुम्हाला कसं कळलं?"

"गावाकडं आई मोहाची दारू गाळायची."

"अरे वा, मग तुम्हीच माझ्या गुरू," तो म्हणाला. बादली कोमट झाल्यावर त्यांनी हाताने चाचपून मान हलवली, मगच त्याने पुडी रिकामी केली.

तिसऱ्या दिवशी त्यांनी दार उघडलं आणि ओळखीचा आंबूस वास नाकात शिरला. पिशवी खांद्यावर तशीच ठेवून त्यांनी घरातल्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या.

"खिडक्या कशाला लावताय?"

"वासावर पोलीस येतात, दादा. आईला दोनदा तसंच उचललं होतं."

निनाद हसला. "इथं बाराव्या मजल्यावर कोण येतंय?"

त्याचं म्हणणं खरं होतं. देवकाबाईंनी खिडक्या एकेक करून पुन्हा उघडल्या.