राखीव तुकडा

पिशवीवरची लाख परीक्षक सुहासने अंबूबाईंच्या डोळ्यांदेखत फोडली. आत मुठीएवढा काळा ठोकळा होता. करंजवाडीच्या डोंगराचा.

"बघून घ्या मावशी. डोंगराच्या दगडाचे आम्ही दोन तुकडे करतो. एक दाबून बघतो, एक राखून ठेवतो. तुमच्यासारखं कुणी अपिलात आलं की राखीव तुकडा काढायचा."

"आन ह्यो पंचवीस टनाच्या आत फुटला, तर खान न्हाई?"

"फुटला तर दगड नापास. नापास डोंगर फोडून कुणाला काय मिळणार?"

लोणावळ्याचं हे सरकारी कार्यालय इंग्रजांनी मावळात सोनं सापडेल या आशेवर उघडलं. सोनं सापडलं नाही, आणि कार्यालय बंद करायचा आदेशही सापडला नाही. तेव्हापासून इथे दगड तपासतात. करंजवाडीचा पहिला तुकडा पंचवीस टनांना टिकला, डोंगर पास झाला, आणि पायथ्याच्या अठ्ठावीस घरांना जागा खाली करायची नोटीस गेली.

सुहासने ठोकळा यंत्राच्या जबड्यात ठेवून चाक फिरवायला घेतलं. काटा हलला.

दहा टनांवर अंबूबाईंचा फोन वाजला. वाडीवरून नात, अपेक्षा.

"आज्जे, चुलीमागची भिंत तडकली. शिमग्यात तडकल्याली, तीच."

"असू दे. लिंपू मागनं."

पहिली चाचणीही शिमग्यातच झाली होती. तारीख फायलीत होती, त्यामुळे ती कुणी पाहिली नव्हती.

चौदा टन. पुन्हा फोन.

"आज्जे, डोंगूर वाजतोय. आतनं. गुरं दावी तोडाय लागल्यात."

यंत्रातला ठोकळा बारीक करकरला. लगेच तोच आवाज फोनमधूनही आला. जरा मोठा.

"तडा गेला!" सुहास हरखला. "जिंकलात मावशी. अजून दोन टन, की संपलं."

"थांबवा."

"अहो, आता थांबवलं तर 'फुटला नाही' असंच लिहावं लागेल मला. खाण लागेल. वाडी जाईल तुमची."

"जाऊ दे वाडी. जायाला मानसं तर ऱ्हायली पायजेत. सोडा आधी त्ये चाक!"

सुहासने चाक उलटं फिरवलं. काटा शून्यावर आला. 

"थांबला गं आज्जे," अपेक्षा फोनवर म्हणाली.

सुहासने निकाल लिहिला. दगड पास, अपील फेटाळलं. अंबूबाईंचा अंगठा फरपटल्यामुळे तो पुन्हा उठवून घ्यावा लागला.

"इतक्या लांबून आलात आणि हाताने घालवलंत," तो शाई पुसायला कागद देत म्हणाला. "जिंकणारे फार थोडे असतात इथे. ते बघा, खालच्या फळीवर."

खालच्या फळीवर सात पिशव्या होत्या. त्यांत ठोकळे नव्हते, चुरा होता.

"ह्या सात गावांत खान न्हाई आली?"

"नाही. तसं रजिस्टर्ड पोस्टाने कळवलंसुद्धा. सातही पत्रं परत आली."

"का?"

"पत्त्यावर कुणी राहत नाही, असा पोस्टमनचा शेरा होता. लोक गाव सोडतात आणि कळवत नाहीत, काय करणार."

त्याने तडकलेला ठोकळा पिशवीत घातला, तोंडाला सुतळी बांधली, आणि रोजच्या सवयीने ती वरच्या फळीवर भिरकावायला हात मागे नेला.