दसऱ्याच्या आत

शेवटच्या वर्षाला कॉलेज सोडून त्रिंबक वडवणीहून घरी आला, तेव्हाच गहिनीनाथाच्या मनात पाल चुकचुकली. जनावरं चारा-छावणीत गेल्यापासून गोठा रिकामाच होता; त्याच्यामागं जाऊन पोरगा रोज दबक्या आवाजात फोनवर बोलायचा. आज तर त्यानं हद्दच केली.

"आबा, दसऱ्याच्या आत माझं लगीन लावून द्या."

"कोण हाय बे ती?" गहिनीनाथ कडाडला.

त्रिंबकनं खाटेवर कण्हणाऱ्या आईकडं पाहिलं. "आईची कंबर गेली. आवंदा दसऱ्यानंतर ऊस तोडाया टोळी निघंल, तवा तुमच्या दोघांच्या जागी मी जातो. मुकादमाशीच बोलत होतो फोनवर. तो एकट्याला घेत न्हाई, नवराबायकोची जोडी लागती म्हनला."

"पर पोरगी कोण?"

"तुमीच बघा. कुणीबी चालंल. मोळी उचलता आली पायजे."