उन्हावर चालणारी गाडी

"प्लग कशाला? माझी गाडी नुसत्या उन्हावर सारंगखेड्याला येईल," असं यामिनीनं आईला फोनवर ठासून सांगितलं होतं. नातवाचे पहिले दोन दात बघायला आईनं रविवार धरून ठेवला होता.

पण नंदुरबारच्या उन्हात आठवडाभर अंगणात उभी राहूनही इलेक्ट्रिक गाडीचं चार्जिंग काही वाढेना. "तुन्हा सूर्य सुट्टीवर गया का व?" सासूबाईंनी चिमटा काढला. मग यामिनीनं टपावर सोलर पॅनल बसवून देणाऱ्या तौहिदला बोलावलं आणि दारातच फैलावर घेतलं.

तो सरळ गाडीपाशी गेला.



यामिनीनं रोजच्यासारखी पॅनलवर वाळत घातलेली बाळाची नऊ दुपटी त्यानं एकेक करून उचलली, तिच्या हातात ठेवली आणि म्हणाला, "भाभी, आते व्हई चार्ज."